पात्याला लावायचे तेल

लोखंडाला गंज चढू नये म्हणून तेल लावावे, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. कोणते तेल लावावे, याचा विचार मात्र सहसा होत नाही. स्वयंपाकघरात विळीला ओट्यावर असेल ते तेल लागते, शेतातल्या खुरप्या-कोयत्यांना ट्रॅक्टरमधून काढलेले जळके ऑइल फासले जाते, आणि माळ्यावरच्या हत्यारांना दसऱ्याखेरीज तेलाचे बोटही लागत नाही. माझ्या घरी या तिन्ही प्रकारचे लोखंड आहे. स्वयंपाकघरात लोहाराने घडवलेल्या पात्याची विळी आणि साध्या पोलादाच्या सुऱ्या आहेत, द्राक्षबागेसाठी छाटणीच्या कात्र्या आहेत, आणि वडिलांकडून आलेली रंधा, पटाश्या, वाकस, करवत अशा सुतारी हत्यारांची पेटी आहे. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी, चहूबाजूंनी उसाने वेढलेल्या घरात हे सारे सांभाळताना तेलाचा प्रश्न मला मुळापासून समजून घ्यावासा वाटला, आणि त्यातून जे उमगले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

गंज केवळ पावसाने चढतो असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसू लागतो, आणि त्या थरात विरघळलेला प्राणवायू लोखंडाशी संयोग पावतो. त्यात क्षार मिसळले की हीच क्रिया कितीतरी वेगाने चालते. आमच्याकडे आषाढापासून भाद्रपदापर्यंत हवा सतत ओली असते, आणि पाऊस उघडल्यावरही पाटपाण्याच्या उसामुळे ती पूर्ण कोरडी होत नाही. नदीकाठच्या अनेक शिवारांत जमीन क्षारपड झालेली आहे, त्यामुळे खुरप्याला चिकटलेला चिखल हा नुसता चिखल नसतो, तर मीठ कालवलेला लेप असतो. शिवाय गंज स्वतः सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो. म्हणून एकदा पडलेला ठिपका त्याच जागी खोल जातो आणि पात्याला खड्डा पाडतो. तेलाचे काम एवढेच की पाणी आणि हवा यांना लोखंडापर्यंत सहज पोचू न देणे. हा आडोसा अभेद्य नसतो, तो पुन्हा पुन्हा उभा करावा लागतो, आणि म्हणूनच जे तेल लावायला सोपे, पुसायला सोपे आणि पात्यावर तेलच राहणारे असेल तेच उपयोगाचे.

या शोधाला दिशा मिळाली ती जपानी सुतारांच्या सवयीतून. जपानमध्ये रंध्याची पाती, पटाश्या, स्वयंपाकाच्या सुऱ्या यांना ‘त्सुबाकी’चे, म्हणजे कॅमेलिया या झाडाच्या बियांचे तेल लावण्याची जुनी पद्धत आहे. हे झाड आपल्या चहाच्या झाडाच्याच प्रजातीतले; इझू ओशिमा आणि गोतो ही बेटे या तेलासाठी प्रसिद्ध आहेत. तलवारींच्या तेलात लवंगेचा अर्क घालण्याचीही तेथे प्रथा आहे. आपल्याकडे हे तेल ऑनलाइन मिळते, परंतु लहानशा बाटलीला मोजावी लागणारी किंमत पाहता ते खुरप्या-कोयत्यांना लावण्याची कल्पनाही करता येत नाही. मात्र त्या तेलात असे काय आहे, हे पाहिल्यावर ते तेच असण्याची गरज उरत नाही. त्यात सुमारे ८० टक्के ओलेइक आम्ल, म्हणजे सहजी न वाळणारा स्निग्ध घटक, असतो आणि हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होण्याची वृत्ती फार कमी असते. महिनोन्महिने उघडे राहूनही ते चिकट होत नाही. गुण हा आहे, आणि या गुणाचे तेल आपल्या शिवारात शोधता येते.

तेल वाळणारे आहे की न वाळणारे, हे मोजण्याचे एक जुने माप आहे, ते म्हणजे आयोडीन मूल्य. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, त्यावरून त्या तेलात प्राणवायूशी जोडल्या जाऊ शकणाऱ्या जागा किती आहेत याचा अंदाज येतो. साधारण ११५ च्या खालची तेले न वाळणारी, १४० च्या वरची वाळणारी, आणि मधली अर्धवट वाळणारी मानली जातात. जवसाचे मूल्य १७० ते २०० इतके असते, म्हणूनच ते रंगांत आणि व्हार्निशात वापरतात. करडई १४० च्या आसपास, सूर्यफूल आणि सोयाबीन १२० ते १४०, तीळ १०५ ते १२०, शेंगदाणा ८५ ते १०५, एरंडेल ८२ ते ९०, आणि खोबरेल तर अवघे ६ ते ११. कॅमेलिया ८० च्या जवळपास येते. हे आकडे मनात ठेवले की घरातल्या कोणत्या बाटलीकडे हात न्यायचा हे बरेचसे ठरते, आणि करडईचे तेल लावून ठेवलेला अडकित्ता वर्षभराने उघडत का नाही, याचेही उत्तर मिळते.

आकड्यांवर विसंबून न राहता मी या सर्व तेलांचे थेंब एका काचेवर बोटाने पसरून खिडकीत ठेवले होते, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी हे अवश्य करून पाहावे, कारण त्याला खर्च काही नाही. जवसावर सर्वांत आधी साय धरली. त्यानंतर करडई बोटाला ओढू लागली, मग सूर्यफूल. शेंगदाण्याचे तेल बराच काळ ओले राहिले, पण त्याच्या कडा पुढे चिकटल्या. खोबरेल, एरंडेल आणि करंजेल (करंजाच्या बियांचे तेल) ही तिन्ही तेले मात्र तेलच राहिली. लोखंडावर चिकट झालेल्या तेलात धूळ बसते, धुळीत ओल बसते, आणि त्या मळाखाली गंज निवांत वाढतो. चाकूवर उरलेला पिवळसर राळेसारखा थर नंतर घासून काढताना धारही जाते. आमच्या भागात आता बहुतेक घरांत सूर्यफूल किंवा सोयाबीनचे तेल असते, पूर्व भागात जत-आटपाडीकडे अजूनही करडई आवडीने खातात. ही तेले पोटासाठी उत्तम, परंतु पात्यावर मुक्कामाला ठेवण्याजोगी नव्हेत. रोज वापरून रोज धुतल्या जाणाऱ्या सुरीला शेंगदाण्याचे तेल लावले तरी बिघडत नाही. प्रश्न येतो तो हत्यार आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हाती घ्यायचे असते तेव्हा.

स्वयंपाकघरासाठी माझी निवड एरंडेल आहे, आणि ते शोधायला मला घराबाहेर जावे लागले नाही. सासूबाई दर उन्हाळ्यात वर्षाच्या गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवतात; धान्याला चालणारे तेल पात्याला न चालण्याचे कारण नाही. एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचे जहाल विष असते हे खरे, परंतु ते प्रथिन आहे, तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. एरंडेल पोटात गेले तर रेच होतो हेही सर्वांना माहीत आहे. पात्यावरून पुसून घेतल्यावर उरणारा अंश मात्र त्या मानाने काहीच नसतो, आणि तरीही भाजी चिरण्याआधी पाते कोरड्या फडक्याने पुसावे, असे मी घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.

एरंडेलाचा खरा गुण त्याच्या घडणीत आहे. त्यातील ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलेइक नावाच्या आम्लाचा असतो, आणि त्या आम्लाच्या साखळीवर इतर तेलांत सहसा न आढळणारा एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे प्राणवायू आणि हायड्रोजन यांची जोडी, असतो. त्यामुळे हे तेल धातूला अधिक घट्ट धरते आणि शेंगदाण्याच्या तेलापेक्षा सुमारे दहापट दाट असते. उभ्या टांगलेल्या विळ्यावरूनही ते लगेच ओघळत नाही. याच दाटपणामुळे ते लावण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. थेंबभर तेल कोमट करून सुती फडक्यावर घ्यावे, पात्यावर दोन्ही बाजूंनी फिरवावे, आणि मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने इतके पुसावे की पाते जवळजवळ कोरडे वाटले पाहिजे. नजरेला चकाकणारा जाड थर म्हणजे जास्त संरक्षण नव्हे, तो फक्त धूळ गोळा करतो. फार दाट वाटल्यास त्यात खोबरेल मिसळावे. केसांसाठी हे मिश्रण आपल्याकडे पूर्वापार होतेच, आणि पात्यावरही ते सुरेख पसरते. एरंडेल स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे कात्रीच्या खिळ्यात साचलेले जुने तेल काढायचे झाल्यास स्पिरिटचा बोळा पुरतो.

नुसते खोबरेलही रोजच्या सुरीला वाईट नाही. ते २४-२५ अंशांच्या खाली गोठते, म्हणून पौष-माघात बाटली उन्हात ठेवावी लागते, आणि ते पातळ असल्याने पात्यावर फार दिवस टिकत नाही. केसांसाठी विकले जाणारे सुगंधी खोबरेल मात्र सुरीला लावू नये. तिळाच्या तेलात सेसमोलसारखे खवटपणा रोखणारे घटक असतात, त्यामुळे ते टिकते चांगले, पण आजचा तिळाचा भाव पाहता ते संक्रांतीला आणि स्वयंपाकालाच शोभते.

शेतातल्या हत्यारांसाठी करंजेल. ज्या तेलासाठी मला खरोखर हिंडावे लागले ते हेच, आणि मला सर्वांत अधिक जिव्हाळाही याचाच वाटतो. करंजाची झाडे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, बांधावर सर्वत्र आहेत. चैत्राच्या सुमारास त्यांच्या चपट्या, तपकिरी शेंगा झाडाखाली पडतात आणि बहुतेक ठिकाणी झाडलोट करून जाळल्या जातात. बीमध्ये साधारण एक-तृतीयांश तेल असते. त्यातील जवळजवळ निम्मा भाग ओलेइक आम्लाचा असतो, आणि करंजिन, पोंगामोल अशा कडू द्रव्यांमुळे ते खाण्यास निरुपयोगी ठरते. पूर्वी ते दिव्याला जाळत, साबणाला आणि कातडे कमावायला वापरत. खाण्याच्या तेलाशी स्पर्धा नाही, बी फुकट मिळते, आणि तेल वाळत नाही. खुरपे, कोयता, कुदळ, पहार यांना याहून योग्य तेल माझ्या पाहण्यात नाही.

ते मिळवताना एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. कृषी सेवा केंद्रात ‘करंज तेल’ आणि ‘निंबोळी तेल’ या नावांनी ज्या बाटल्या मिळतात, त्या फवारणीसाठी असतात. पाण्यात मिसळावे म्हणून त्यांत साबणासारखे द्रव्य घातलेले असते. असे तेल पात्याला लावले तर ते पाण्याला अडवण्याऐवजी पाण्याशी मिसळून जाते आणि पहिल्याच दवात धुपून निघते. ओळखायची खूण सोपी आहे: पेलाभर पाण्यात चार थेंब टाकून ढवळावे, पाणी दुधाळ होऊन तसेच राहिले तर ते फवारणीचे तेल. पूजासाहित्याच्या दुकानातील दिव्याचे तेल बहुधा अनेक तेलांचे मिश्रण असते, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात शुद्ध करंजेल मिळते. त्याहून चांगले म्हणजे बी स्वतः गोळा करून घाण्यावर द्यावे. खाण्याचे तेल काढणारा घाणेवाला करंज घ्यायला सहसा तयार होत नाही, आणि त्याचे बरोबर आहे, कारण करंजाचा कडवटपणा आणि वास यंत्रात राहतो. पेंडीसाठी निंबोळी आणि करंज गाळणारा घाणा शोधावा लागतो. द्राक्षबागांना करंज पेंड आणि निंबोळी पेंड घालण्याची पद्धत आमच्याकडे आहेच, त्यामुळे पेंड विकणाऱ्याला विचारले की घाण्याचा पत्ता मिळतो. बी कडक वाळलेले आणि त्याच हंगामातले असावे. ओलसर, बुरशी लागलेल्या बियांच्या तेलात सुटी आम्ले वाढतात, आणि आम्ल हाच लोखंडाचा शत्रू.

याच कारणाने तळणीचे उरलेले तेल हत्यारांना लावण्याची जी चाल आहे ती सोडून द्यावी असे मला मनापासून वाटते. त्या तेलात मीठ असते, पाण्याचा अंश असतो, वारंवार तापल्याने सुटी झालेली आम्ले असतात, आणि ते सर्वांत लवकर चिकट होते. जळक्या ऑइलबद्दलही माझे मत तितकेच ठाम आहे. त्याने गंज काही काळ थांबतो हे मान्य, परंतु इंजिनात जळून त्यात आरोग्याला घातक द्रव्ये आणि धातूंचे कण उतरलेले असतात. खुरपणाऱ्या बायकांचे हात त्याने दिवसभर माखतात, आणि तेच पाते पुढे भाजीच्या वाफ्यात फिरते. शिलाई मशीनचे स्वच्छ खनिज तेल हे वेगळे. ते वाळत नाही, खवट होत नाही, आणि सुतारी हत्यारांना ते उत्तम चालते; खाद्यपदार्थाला लागणाऱ्या पात्याला मात्र मी ते लावत नाही.

तेल कोणतेही असो, ओल्या किंवा मळक्या लोखंडावर ते लावणे हे ओल आत कोंडून ठेवण्यासारखे आहे. वनस्पती तेल पाण्याला बाजूला सारत नाही. त्यामुळे खरे काम तेलाच्या आधीचे आहे. ऊस तोडलेल्या कोयत्यावर रसाचा थर असतो, तो आंबतो आणि आंबट होतो. तो कोमट पाण्यानेच सुटतो. विळीवर कैरी, आवळा, केळफूल, वांगे यांचे काळे डाग पडतात, ते बहुतांशी टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगाने होतात. त्या काळसर छटेला गंज समजून रोज राखेने खरवडण्याचे कारण नाही. तांबूस भुकटी बोटाला लागते तो गंज. तांबूस डाग असेल तर चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाने तो मऊ करावा, चाळलेल्या राखेने अथवा विटेच्या वस्त्रगाळ पुडीने घासावा, आणि मग थोडा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावे, नाहीतर मागे राहिलेले आम्ल तासाभरात नवा गंज आणते. त्यानंतर पाते लगेच पुसून उन्हात ठेवावे. ऊन नसेल तर चुलीजवळ किंवा शेगडीजवळ हाताला सोसेल इतके गरम करावे. पाते मुठीत जेथे शिरते त्या फटीतले पाणी फडक्याने निघत नाही, ते उष्णतेनेच निघते, आणि बहुतेक कोयते व विळे तेथेच आतून गंजून मोडतात. पाते कोमट असतानाच तेल लावले की ते पातळ होऊन या फटीतही उतरते.

स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्यांबद्दल कोणी विचारते. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याचा स्वतःचा संरक्षक थर असतो. धुऊन कोरडी ठेवली तर तिला तेलाची गरज नाही.

द्राक्षबागेचा प्रश्न थोडा निराळा आहे, आणि तासगाव, पलूस, मिरज, कवठे महांकाळ या भागांतील बागायतदारांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन हंगामांत कात्री दिवसभर चालते, आणि मधले महिने ती पडून असते. त्या मधल्या काळातच पावसाळा येतो. बागेत बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे बुरशीनाशक, फवारले जाते. त्यातील मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, लोखंडाला भेटले की लोखंड विरघळून त्याच्या जागी तांबे बसते. मिश्रणात चुना पुरेसा झाला की नाही हे पाहण्यासाठी आपण त्यात लोखंडी विळा किंवा चाकू बुडवतो आणि त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालतो, ती परीक्षा याच क्रियेवर आधारलेली आहे. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की परीक्षेचे पाते तेलकट असता कामा नये, नाहीतर तांबे बसणार नाही आणि मिश्रण बरोबर झाल्याचा चुकीचा निर्वाळा मिळेल. त्यासाठी एक जुना चाकू बिनतेलाचा, राखेने घासून वेगळा ठेवावा. दुसरी अशी की ज्या पात्यावर तांब्याचा अंश बसला आहे ते तसेच ठेवले तर ओल मिळताच तांब्याला लागून असलेले लोखंड आधी गंजते. म्हणून मिश्रण कालवताना किंवा फवारणीनंतर ओल्या वेलींत वापरलेली कात्री धुऊन, घासून, वाळवून मगच तेलाला घ्यावी. निर्जंतुक करण्यासाठी कात्री हायपोक्लोराइट या क्लोरीनयुक्त जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवली असेल तर ही घाई दुप्पट, कारण क्लोरीनची संयुगे लोखंड झपाट्याने खातात. बागेत चालू असताना कात्रीच्या खिळ्यावर एरंडेलाचा थेंब सोडावा आणि हंगाम संपल्यावर सगळ्या पात्याला हात फिरवावा. तेथे करंजेलही चालते. त्याचा उग्र वास हाताला लागतो, एवढीच अडचण.

हत्यारे ठेवण्याच्या जागेविषयी एकच सांगते: खताच्या पोत्यांपासून ती दूर असावीत. म्युरिएट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड आहे, म्हणजे मिठाचेच भावंड, आणि युरियाही हवेतील ओल ओढून घेतो. एकाच खोलीत पोती आणि भिंतीला टेकवलेली हत्यारे असली तर तेलाचा थर कितीही नीट लावलेला असो, तो अपुरा पडतो. ओल धरणाऱ्या गोणपाटातही पाती गुंडाळू नयेत. तेलाचा हात फिरवलेले सुती कापड बरे.

वडिलांच्या पेटीतील हत्यारांना मी एरंडेल आणि मधमाशीचे मेण यांचा मलम लावते. मेण एक भाग आणि तेल तीन ते चार भाग, वजनाने, असे घेऊन उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे; मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्याला थेट आचेची गरज नसते. गार झाल्यावर तो लोण्याइतका मऊ राहतो आणि पात्यावर तेलापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतो. मेणासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे आणि त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. त्या डोंगरपट्ट्यातल्या मधपाळांकडे मेण मिळते. रंध्याच्या पात्याला, पटाशीच्या पाठीला, करवतीच्या दात्यांना हा मलम लावून पेटी मिटली की पावसाळाभर ती उघडावी लागत नाही. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या घराण्यांची परंपरा शिकलगारांपर्यंत, म्हणजे शस्त्रांना धार आणि झळाळी देणाऱ्या कारागिरांपर्यंत पोचते. लढायांचे दिवस संपल्यावर त्याच हातांनी भोपळा आणि लाकूड कोरायला घेतले. तेथे उत्तम राखलेल्या पटाश्या पाहिल्या की हत्याराची निगा ही कारागिरीचाच भाग आहे याबद्दल शंका राहत नाही.

वाळणाऱ्या तेलांना मी टाकाऊ मानत नाही, त्यांची जागा वेगळी आहे. बाभळीच्या दांड्यांना, मुठींना, रंध्याच्या लाकडी अंगाला जवसाचे तेल द्यावे. ते लाकडात मुरते, तेथेच कडक होते आणि दांडा पाण्याने फुगत नाही. नांगराचा फाळ किंवा पहार अशा जाड, हलते भाग नसलेल्या लोखंडाला दीर्घ काळ ठेवायचे असेल तर जवसाचा अगदी पातळ हात देऊन ते तापवावे, म्हणजे बीडाच्या तव्यावर बसतो तसा काळा, कोरडा थर त्यावर बसतो. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याची वसाहत किर्लोस्करवाडी आमच्याच तालुक्यात, १९१० साली वसलेली. लोखंडी नांगराने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना तो नांगर पटवून द्यावा लागला, अशी आठवण येथे अजून सांगितली जाते. जवसाचे तेल पुसलेला बोळा मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना तेल उष्णता बाहेर टाकते, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून ते आपोआप पेट घेऊ शकते. फडके पसरून बाहेर वाळत घालावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. विकत मिळणारे ‘उकळलेले’ जवस तेल बहुधा धातूंची संयुगे घालून लवकर वाळणारे केलेले असते, ते खाण्याच्या भांड्यांना वापरू नये.

खंडेनवमीला हत्यारे धुऊन पुजण्याची आपली रीत काळाच्या दृष्टीने अचूक आहे, कारण पावसाळ्याचा गंज तेव्हा नेमका दिसू लागलेला असतो आणि ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असतो. त्या दिवशी ओले हळदीकुंकू आणि झेंडूची फुले पात्यावर रात्रभर राहतात, आणि सकाळी त्यांच्याखाली तांबूस ठसा उमटतो. आमच्याकडे पूजेआधी तेलाचा हात फिरवतात आणि हळदीकुंकू दांड्यावर किंवा मुठीवर लावतात. दुसऱ्या दिवशी, सीमोल्लंघनाला निघण्याआधी, फुले उचलून पाती पुन्हा पुसली जातात. तेलाची बाटली याच दिवशी बदलते. गेल्या वर्षीचे करंजेल किंवा एरंडेल नाकाला खवट लागले तर ते पात्याला न लावता लाकडी दांड्यांना आणि गाडीच्या आसाला संपवावे, नवे तेल काळ्या काचेच्या लहान बाटलीत भरावे, तिच्यावर महिना लिहावा आणि ती उजेडापासून दूर, हत्यारांच्या पेटीतच ठेवावी.